वाडीवरच्या बायकांना मुलांच्या आजारपणाचं प्रशिक्षण: दोन दिवसांत काय शिकवावं, काय गाळावं?

कोयनाकाठची | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात डोंगरावरच्या काही धनगरवाड्यांसाठी आम्ही निवृत्त मंडळी डिसेंबरात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतोय. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायचे, बाकी दोघे शिक्षक आणि एक औषधनिर्माते. प्रत्येक वस्तीवरून एक बाई येणार. लिहिता-वाचता येणारी असावी अशी अट आधी घातली होती, ती काढून टाकली, कारण त्या अटीत बसणाऱ्या मुली लग्न होऊन खाली गेल्यात.

कुणी म्हणेल, गावाला आशाताई आहेत की. आहेत, आणि चांगल्या आहेत. पण आशा साधारण हजार लोकसंख्येमागे एक. तेच हजार लोक डोंगरात पाच ठिकाणी विखुरलेले असले, तर रात्री एखाद्या वस्तीवर पोराला धाप लागल्यावर ती कशी पोचणार? तेव्हा आशाला पर्याय म्हणून नाही, तिचे डोळे म्हणून वस्तीवर एक बाई तयार करायची, एवढाच विचार आहे.

अभ्यासक्रमाचा पहिला मसुदा एका सद्गृहस्थांनी करून दिला. त्यात शरीररचना, जीवनसत्त्वांचे प्रकार, व्यसनमुक्ती, नेतृत्वगुण आणि योगासनं आहेत. योगासनं कुणासाठी, हे मला कळलेलं नाही. त्या बायका रोज चढावरून पाण्याचे हंडे आणतात.

माझं मत असं: पाच वर्षांच्या आतलं मूल आपल्याकडे दगावतं ते बहुतेक नवजातपणीच्या अडचणींनी, न्यूमोनियानं किंवा जुलाबानं, आणि या सगळ्याच्या मागे कुपोषण उभं असतं. म्हणून तीनच गोष्टी ठेवाव्यात. श्वास मोजणं, जुलाबात पाणी देणं, आणि "आत्ताच्या आत्ता खाली न्या" सांगणारी लक्षणं. बाकी सगळं गाळावं. सातारा-सांगलीत अशी कामं केलेल्यांनी अनुभव सांगा. कौतुक नको, खोट काढा.

---

उगाच_एक | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

नेतृत्वगुण राहू द्या हो. समारोपाला पाहुणे बोलवाल तेव्हा त्यांना विषय लागेल.

---

गटप्रवर्तक_माणदेश | ४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

ताई, मी माण-खटावकडे आशांची गटप्रवर्तक आहे. तुमच्या तीन गोष्टी बरोबर आहेत, पण त्या कशा शिकवणार यावर सगळं आहे.

आमच्याकडे प्रशिक्षण होतं तेव्हा हॉल, प्रोजेक्टर, दुपारी जेवण. शेवटी पेपर. पेपरात सगळ्या जणी बरोबर लिहितात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्ष ४० किंवा जास्त. पुढच्या महिन्यात तिलाच घेऊन एखाद्या घरी गेलं आणि म्हटलं की मोज, तर हात थरथरतो. बाळ वळवळतंय, आई विचारतेय काय झालं, आजी म्हणतेय कपडे काढू नका सर्दी होईल. ४५ मोजले की ५४ तेच कळत नाही.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात जन्मदर हजारी पंधराच्या आसपास आहे. म्हणजे एका आशाच्या वाट्याला वर्षाला पंधरा-वीस नवजात बाळं. त्यात खरा न्यूमोनिया झालेलं बाळ तिला कितीदा दिसणार? आणि तुमच्या वस्तीवर तर चाळीस घरं असतील, तिथं कदाचित वर्ष-वर्ष दिसणार नाही. जी गोष्ट वर्षातून एकदा करायची ती हाताला लक्षात राहत नाही. त्यामुळे दोन दिवस शिकवून सोडलंत तर होळीपर्यंत सगळं विसरलेलं असेल.

मी काय करते ते सांगते. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात पोरं जमतातच. सुई टोचायच्या आधी, मूल आईच्या मांडीवर शांत असताना, आशांना मोजायला लावते. निरोगी मुलांचे मोजायचे. निरोगी शंभरदा पाहिलं की आजारी आपोआप वेगळं दिसतं. जोडीनं मोजायचं: एकीच्या हातात मोबाइलचं घड्याळ, दुसरीची नजर फक्त पोटावर. पूर्ण मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो. पाजताना नाही, रडताना नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० च्या वर आले तर पुन्हा एकदा मोजायचे.

तुमच्या बायकांना दर महिन्याच्या सत्राला खाली बोलवा. गाडीभाडं द्या. तुमच्या दोन दिवसांच्या जेवणावळीपेक्षा तेच स्वस्त पडेल.

---

अनामिक_वाई | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

+१. निरोगी मुलांवर सराव, हे फार पटलं.

---

मुलांचा_डॉक्टर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मिरजेत प्रॅक्टिस करतो. उपक्रमाला विरोध नाही, पण एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करा: या बायकांच्या हातात अँटिबायोटिक देणार आहात का? देणार असाल तर माझा विरोध आहे. साध्या सर्दीला मेडिकलमधून दोन दिवसांचं अर्धवट अँटिबायोटिक घेऊन येणारी मुलं मी रोज पाहतो. एक डोस, दोन डोस, बरं वाटलं की बाटली फ्रीजमध्ये, पुढच्या वेळी धाकट्याला तीच. खोकला असलेल्या बहुसंख्य मुलांना अँटिबायोटिक लागतच नाही. वाडीवर अजून एक वाटपकेंद्र नको.

---

देवराई | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

डॉक्टर, आदर ठेवून सांगतो, हा वाद महाराष्ट्रात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. १९९० साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी. पुढे नवजात बाळांसाठी ३९ गावांत घरोघरी सेवा दिली, ४७ गावं तुलनेला होती. १९९९ चा तो दुसरा अभ्यास. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता, आणि तिथं तर गावातल्या बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेन्टामायसिनचं इंजेक्शनही देत होत्या. आज देशभर आशा ज्या नवजात भेटी देतात त्यांचं मूळ तिथंच आहे.

आणि दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही म्हणून त्यांनी अडून धरलं नाही. मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं श्वास मोजायचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. कोयनाकाठची ताई, तुम्ही अक्षरओळखीची अट काढलीत ते बरंच केलंत.

---

मुलांचा_डॉक्टर | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

देवराई, ते दोन्ही अभ्यास मला माहीत आहेत आणि मी त्यांचा चाहता आहे. पण लोक ६२ टक्के लक्षात ठेवतात आणि देखरेख विसरतात. तिथं दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन नोंदी तपासत होते, चूक तिथल्या तिथं दुरुस्त होत होती. डिसेंबरातल्या दोन दिवसांनंतर पाटणच्या वाडीवर दर पंधरा दिवसांनी कोण जाणार आहे? हे असेल तर बोलू.

शिवाय सरकारी चौकट आहेच. २०१९ मध्ये केंद्रानं न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' मोहीम सुरू केली, त्यात आशानं अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवायचं असं ठरलंय. म्हणजे औषध आशाकडे राहू दे. तुमच्या बाईनं मोजायचं, ओळखायचं, आशाला फोन करायचा आणि मुलाला हलवायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मोजायचीही वाट पाहू नका. दूध ओढत नाही, अंग गार पडलंय किंवा तापलंय, मलूल आहे, यातलं एक जरी असलं तरी निघा.

मोठ्या मुलांची "आत्ता न्या" यादी अशी शिकवा: काहीच पीत नाही किंवा अंगावर पीत नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकतं, झटके आले, हाक मारून उठत नाही, आणि श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. हे शेवटचं शब्दांत शिकवता येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ दाखवा, पुन्हा पुन्हा दाखवा, मध्येच निरोगी मुलाचा व्हिडिओ घुसवा आणि विचारा.

---

कोयनाकाठची | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०२

डॉक्टर, मान्य. आमच्या थैलीत अँटिबायोटिक नाही, कधीच नव्हतं. पण देखरेखीचा प्रश्न बरोबर जागी टोचलात. आमच्यातल्या औषधनिर्मात्यांचे गुडघे गेलेत आणि शिक्षकांना डोंगर चढायला आवडतो पण पोरांचं काही कळत नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलते. महिन्याच्या सत्राला जोडून तासभर मिळाला तरी पुष्कळ.

---

वाळव्याची_आशा | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३३

ताई नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमी डोंगरावरचं बोलताय, आमच्याकडं ऊस हाय. दिवाळी झाली की ऊस तोडणाऱ्यांच्या टोळ्या येतात, बीडकडच्या जास्त. ओढ्याकडंला त्यांच्या कोप्या, म्हंजी झोपड्या, पडतात. बाया पहाटं फडात जातात, लेकरू उसाच्या सरीत झोळीत न्हाईतर सात वर्साच्या बहिणीकडं. थंडी, पाचट जाळलेला धूर, आणि पाणी शेताच्या पाइपाचं. खोकला आणि हगवण दोन्ही तिथंच हाय.

ही पोरं माझ्या यादीत न्हाईत. गावची लोकसंख्या मोजली तवा ती न्हवती. तरी मी जाते, पण मी जाते तवा बाया फडात. रातच्याला जावं तर स्वयंपाकाची घाई आणि मुकादम म्हणतो उद्याच्या खाड्याचं कोण भरणार. एक दिवस काम बुडलं तर कोयत्याचे, म्हंजी नवरा-बायकोच्या जोडीचे, पैसे कापतात, मग लेकराला दवाखान्यात नेणार कोण?

मागल्या हंगामात मी टोळीतल्याच एका म्हातारीला शिकवलं. ती स्वयंपाकाला आणि पोरांवर ध्यान ठेवायला मागं राहती. तिला ओआरएसच्या पुड्या दिल्या आणि सांगितलं पोट उडाय लागलं की मला मिसकॉल दे. तिनं दिला की. टोळी दुसऱ्या गावाला गेली तरी ती पुड्या घेऊन गेली, ही मला लय मोठी गोष्ट वाटली. आशा गावाबरोबर राहती, म्हातारी टोळीबरोबर फिरती.

---

गटप्रवर्तक_माणदेश | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

वाळव्याच्या ताई, अगदी नेमकं लिहिलंत. टोळीतलीच बाई निवडणं हे आमच्या कुठल्या पत्रकात नाही. त्यांच्याकडे गावाकडून आणलेलं माता-बाल संरक्षण कार्ड असतं का हेही बघा. असलं की राहिलेल्या लशी इथं देता येतात. न्यूमोनियाची पीसीव्ही, जुलाबाची रोटाव्हायरस या दोन्ही आता सरकारी लसीकरणात फुकट आहेत, आणि याच मुलांच्या त्या चुकतात.

---

जतकर_सध्या_पुणे | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

माझं गाव जतच्या पूर्वेला, कर्नाटकच्या वेशीला. तिथं घरात कन्नड बोलतात. शाळेत मराठी असते, पण आजीला मराठी समजतं म्हणून ती मराठीत आजार सांगेलच असं नाही. प्रशिक्षणाची पुस्तकं सगळी मराठीत. आमच्या वहिनी आशा आहेत. त्या पुस्तक वाचतात मराठीत आणि दारात बोलतात कन्नडमध्ये. सांगण्याचा मुद्दा: चित्रं वापरा, आणि मजकूर नको. धनगरवाड्यातही बोलण्याची धाटणी वेगळी असेल. शिकवताना तिलाच विचारा की तुमच्याकडे अशा मुलाला काय म्हणतात, आणि मग तुम्ही तेच म्हणा.

---

पुड्यावाला | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:४४

सांगलीत मेडिकल आहे माझं, २०१९ च्या पुरात दुकान पाण्यात गेलं होतं. पूर ओसरल्यावर आशाताई चिखलातून घरोघर पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आणि ओआरएस वाटत होत्या ते डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून हे लिहितो.

ओआरएस शिकवताना सगळ्यात जास्त वेळ मापावर घालवा. सरकारी पुडी एक लिटरची असते, अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. लोक काय करतात, पेल्यात चिमूटभर टाकतात, बाकी पुडी गुंडाळून फडताळात. त्यानं काही उपयोग नाही, आणि कमी पाण्यात जास्त पावडर गेली तर उलट अपाय होतो. तेव्हा प्रत्येकीच्या घरचं भांडं आणायला सांगा. एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली घ्या, ती भरून त्या भांड्यात ओता आणि पाणी जिथं आलं तिथं खिळ्यानं खूण करा. तिचं स्वतःचं भांडं, स्वतःची खूण. केलेलं पाणी २४ तासांत वापरायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

दुसरं म्हणजे टेट्रापॅक. गोड फळांच्या चवीची पेयं ओआरएस म्हणून वर्षानुवर्षं खपली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खपली. साखर भरमसाट, मीठ अपुरं; जुलाबात असलं पेय जुलाब वाढवतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी घातली. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यातून जायला वेळ लागेल. बायकांना दोन्ही दाखवा: ही पुडी, हे सरबत.

---

मीनल_कराड | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३०

मला नेहमी प्रश्न पडतो, मूल पाणी ओकून टाकत असेल तर पाजायचं कसं? आमच्याकडे आई म्हणते पोटाला विश्रांती द्या, काही देऊ नका.

---

मुलांचा_डॉक्टर | ६ नोव्हेंबर, रात्री ९:१२

मीनल, विश्रांती अजिबात नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्यानं, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. बाटलीनं किंवा पेल्यानं घटाघट दिलं की उलटतं. साधारण अंदाज: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, मूल पाण्यासाठी वखवखतं किंवा उलट इतकं सुस्त की पीतच नाही, शौचात रक्त आहे, तर दवाखाना.

आणि झिंक! याचं कुणी नाव घेतलं नाही अजून. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, म्हणजे अर्धी गोळी, चमच्यात पाणी किंवा आईचं दूध घेऊन विरघळवून. चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही तिसऱ्या दिवशी थांबतात, हीच अडचण आहे. पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टळावेत म्हणून पूर्ण कोर्स असतो. तुमची वस्तीवरची बाई इथं खरंच कामाची: रोज सकाळी जाता-येता विचारणारी, आज गोळी दिली का.

---

साताऱ्याची_आजी | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

सगळं वाचलं. तुम्ही लोक नवजात बाळाकडे येतच नाही. आणि आता सगळ्या जणी घुटीला नावं ठेवणार म्हणून आधीच सांगते, आमच्या सगळ्या मुलांना घुटी दिली, सगळी धडधाकट आहेत.

---

कोयनाकाठची | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आजी, धडधाकट राहिलेली मुलं आपल्यासमोर असतात, जी राहिली नाहीत त्यांचा हिशेब कुणी घरात ठेवत नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध; पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. सहाण नीट धुतलेली नसते, पाणी उकळलेलं नसतं, आणि बाळाच्या इवल्या पोटात तेवढ्या दुधाची जागा जाते. रागावू नका.

नवजात मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं आशांचं काम आधीच ठरलेलं आहे: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त. २०१८ पासून पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या भेटीही आहेत. वस्तीवरच्या बाईनं यात दोनच गोष्टी करायच्या. एक, बाळंतीण वस्तीवर परत आल्याचा निरोप त्याच दिवशी आशाला. बाळंतपण माहेरी, परतणं सासरी, यात पहिला आठवडा हमखास निसटतो. दोन, बाळाच्या पायाला हात लावायचा. पाय गार आणि पोट गरम असेल तर बाळ गारठायला लागलंय. लगेच आईच्या उघड्या छातीला लावायचं, वरून दोघांवर पांघरूण, डोक्याला टोपडं. पोटही गार लागलं तर तसंच छातीशी धरून खाली निघायचं. डिसेंबरात डोंगरावर कमी वजनाच्या बाळाला याच्याइतकं स्वस्त औषध नाही. नाळेला काही लावायचं नाही, राख नाही, हळद नाही, तेल नाही.

---

साताऱ्याची_आजी | ७ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

नाळेला राख आम्हीही कधी लावली नाही हो. घुटीचं मला पटलेलं नाही. पण वेखंड महाग झालंय, तेव्हा नातसून देत नाहीच.

---

मीनल_कराड | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

खोकल्याचं औषध थैलीत ठेवणार का? लोक तेच मागतील.

---

मुलांचा_डॉक्टर | ७ नोव्हेंबर, दुपारी १:०२

नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित कफ सिरपनं मुलं दगावली, त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांच्या आत देऊच नका, पाचच्या आत शक्यतो नको. सहा महिन्यांच्या आत फक्त अंगावरचं दूध. त्यापुढे कोमट पाणी, वर्षापुढे थोडा मध. बस.

---

खरं_बोलतो | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:३३

सगळे तांत्रिक बोलताय, पैशाचं कुणी बोलत नाही. "स्वयंसेविका" म्हणायचं आणि फुकट राबवायचं, हा आपल्याकडचा जुना धंदा. आशांना नवजात बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये, नंतरच्या भेटींचे प्रत्येकी ५०. त्यात वर आयुष्मान कार्डं काढा, २०२४ मध्ये लाडकी बहीणचे फॉर्म भरा, सर्व्हे करा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला, आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर बसल्या होत्या. आता त्यांच्याही खाली अजून एक फुकट थर तयार करताय का?

---

वाळव्याची_आशा | ७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

खरं हाय. पण मोबदला मिळाला न्हाई म्हणून पोराचा श्वास मोजायचं सोडत न्हाई कुणी. सोडतो ते रजिस्टर. मला विचाराल तर त्या बाईला महिन्याला पगार द्यायला तुमच्याकडं पैसे नसतील, पण ती ज्या दिवशी खाली सत्राला येईल त्या दिवसाचा तिचा रोज द्या. लागवडीच्या, भांगलणीच्या दिवसांत ठेवू नका. आणि तिला एकही फॉर्म भरायला लावू नका, हात जोडते.

---

देवराई | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

एक राहिलं. शिकलेली बाई म्हणाली "न्या", पण नेतो कोण? निर्णय आई घेत नाही, सासू घेते किंवा नवरा, आणि नवरा मेंढरं घेऊन बाहेर. आमच्या महाबळेश्वर तालुक्यात शिवसागर जलाशयाच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यात तर रात्री लाँचवाल्याला उठवायला कोण जाणार हाही प्रश्न असतो. १०८ ला फोन लावायला मुळात रेंज लागते. एकदा एका मुलाला रात्री खाली नेलं तर दवाखान्यातून "साधी सर्दी आहे, उगाच आलात" म्हणून परत पाठवलं. त्यानंतर त्या वस्तीवरून कुणी निघायलाच तयार होत नव्हतं.

---

गटप्रवर्तक_माणदेश | ८ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

यावर आम्ही एक करतो. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासवांना बोलवतो. सुनांना नाही, सासवांना. त्यांच्या समोर त्याच शिकलेल्या बाईकडून एका मुलाचे श्वास मोजून घेतो. सासू स्वतः मोजायला लागली की मग रात्री ती सुनेला "दिवस उगवू दे" म्हणत नाही. आणि चिठ्ठी द्या. नुसतं "पाठवलं" नाही, त्यावर श्वास किती मोजले, किती वाजता, काय दिसलं. अक्षरओळख नसेल तर चित्रांवर खूण. मिनिटाला ५८ असं कागदावर लिहिलेलं असलं की ड्युटीवरचा माणूस निदान अंगावरचं पांघरूण काढून बघतो. तो आकडा नसेल तर "पोर आजारी आहे" एवढंच उरतं, आणि तसं तर रोज पन्नास जण म्हणत येतात.

---

कोयनाकाठची | ८ नोव्हेंबर, दुपारी ४:१८

लिहून घेतलं. बदललेला आराखडा थोडक्यात: पहिल्या दिवशी खाली उपकेंद्रात, लसीकरणाच्या सत्राला, निरोगी मुलांचे श्वास जोडीनं मोजणं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी वर वस्तीवरच: घरची भांडी, खिळ्याच्या खुणा, बाळाचे गार पाय, "आत्ता न्या"ची पाच चित्रं, दुपारी सासवा. थैलीत ओआरएस, कुपोषण ओळखायची दंडाची पट्टी, चित्रांच्या चिठ्ठ्या, मण्यांची माळ. झिंक आणि बाकी औषधं आशाताईंकडे. पुढे दर महिन्याला सत्राच्या दिवशी सराव, त्या दिवसाचा रोज आणि गाडीभाडं आम्ही गोळा करणार. वाहनवाल्यांचे नंबर वस्तीवरच्या शाळेच्या भिंतीवर रंगवायचं काम शिक्षकांनी आनंदानं घेतलं आहे. योगासनं रद्द. सद्गृहस्थ नाराज आहेत, त्यांना उद्घाटनाला नारळ फोडायला सांगणार आहे.

एक विचारायचं होतं, दंडघेर मोजायची पट्टी बाजारात मिळते का?

---

पुड्यावाला | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०७

विकत घेऊ नका, अंगणवाडीत असते. पर्यवेक्षिकांकडे मागा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठीची घ्या: साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढे हिरवी. ताणून आवळू नका आणि सैलही सोडू नका. मण्यांची माळ करायची असेल तर शुक्रवारी सांगलीला येणार असाल तर सांगा, माझ्या शेजारच्या दुकानात लाल-निळे मणी किलोवर मिळतात.

---

कोयनाकाठची | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:२५

शुक्रवारी येते. वाळव्याच्या ताई, तुमच्या टोळीतल्या म्हातारीसाठीही एक माळ करून ठेवते, पोचवायची कशी ते व्यक्तिगत निरोपात कळवा.